शेवईएवढा तुकडा

“सुजली आसली तरी उजाळलीय बघ पोरगी.”

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यातली ठसठशीत, हातभर हिरव्या बांगड्यांची बाई दुसरीच्या कानाशी लागून हे म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात समाधान होतं. आपण आणलेली वस्तू चांगली निघाली की असतं, तसं. दुसरीने नुसती मान हलवली आणि पदराने डोळे टिपले. त्यांच्यासमोर स्ट्रेचरवर ती पोरगी पडली होती, आणि मी हातात बायोप्सीचा ट्रे घेऊन दार उघडायची वाट बघत उभी होते.

मुलगी बाविशीची. पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळ्यांच्या जागी दोन चिरा उरल्या होत्या. पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एकसारखे, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहील असे. चेहरा मात्र गोरा होता, आणि तो गोरेपणा कानाच्या पाळीपाशी आणि हनुवटीखाली एकदम संपत होता. गळा काळसर, हात काळसर. मला वाटलं, पावडर लावली असेल. दवाखान्यात येतानाही नीटनेटकी येणारी माणसं असतात. विचार तिथेच राहिला, कारण आतून हाक आली.

नगरच्या एका खाजगी रुग्णालयात तळमजल्यावर आमची लॅब आहे. मी तिथे पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि माझ्याकडे मुख्यतः मूत्रपिंडाच्या बायोप्सी येतात. म्हणजे सोनोग्राफीवर बघत बघत पाठीतून सुई घालायची, मूत्रपिंडाचे एकदोन बारीक तुकडे काढायचे, आणि ते बघून आजार काय ते मी सांगायचं. तुकडा काढताना मी तिथे हजर असते. सुईतून नुसती चरबी आली की गाळणी आली, हे तिथल्या तिथे बघावं लागतं. पेशंटशी माझा संबंध एवढाच. पुढचं सगळं बोलणं मूत्रपिंडाचे मोठे डॉक्टर करतात, ज्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो.

मला ते बरं पडतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या, आणि घरी वाक्यात इंग्रजी शब्द आला की काका नक्कल करायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. आमच्याकडे तुकड्यांचे काप करणाऱ्या संगीताताई म्हणतात, “मॅडम, तुमचा आवाज फक्त रिपोर्टात ऐकू येतो.” पण रिपोर्टातही माझा आवाज मोठा नसतो. ‘असे दिसते’, ‘असू शकते’, ‘इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे’. आमच्या धंद्यातली ही वाक्यं मला फार आवडतात. त्यांच्याआड नीट लपता येतं.

नातेवाइकांना तो तुकडा बघून नेहमी राग येतो. राहुरीचे एक गृहस्थ बाटली उजेडाकडे धरून म्हणाले होते, “आमचा माणूस एवढा सहा फुटी, आन तुमी ह्या शेवईच्या तुकड्यावरून सांगनार?” त्यांचं बरोबर आहे. तुकडा शेवईएवढाच असतो, पण त्यात रक्त गाळणाऱ्या पंधरा-वीस गाळण्या सापडतात. गाळणी म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. एका मूत्रपिंडात अशा लाखो. त्या गाळण्यांवर शरीरानेच हल्ला चढवला की लघवीतून रक्त जातं, किंवा प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, आणि हल्ला थांबला नाही तर मूत्रपिंड कायमचं बसतं.

मला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. इजा कशी झाली, आणि कशाने झाली.

इजा कशी, ते साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतं. पेशी वाढल्यात का, भिंत जाड झालीय का, कुठे व्रण पडलेत. पूर्वी आजारांची नावं त्यावरूनच पडायची. पण एकाच तऱ्हेची इजा पाच वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकते, आणि पाचांची औषधं वेगळी. म्हणून आता कारण आधी शोधायचं असतं. त्यासाठी दुसरा तुकडा वेगळ्या द्रवात ठेवतात, त्यावर चमकणारं रसायन घालतात, आणि मी अंधाऱ्या खोलीत बसून बघते. गाळणीच्या भिंतीवर हिरवी सरळ रेघ चमकली, तर शरीराने त्या भिंतीलाच शत्रू समजलंय. रेघेऐवजी हिरवे कण विखुरलेले दिसले, तर कशाशी तरी लढताना झालेला कचरा तिथे येऊन अडकलाय. ते ‘कशाशी तरी’ म्हणजे घशातला जंतू असेल, कावीळ असेल, किंवा ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटणारा आजार असेल. आणि गाळणी फुटलेली असून काहीच चमकलं नाही, तर पांढऱ्या पेशींनी येऊन थेट मोडतोड केलीय. ढोबळ मानाने एवढंच. बाकी सगळे पोटभेद.

पहिल्या प्रश्नावर कुणी भांडत नाही. दुसरा विचारला की घर गप्प होतं. कारण विचारणं म्हणजे आपल्यातला आरोपी मागणं, असं लोकांना वाटतं. आणि पुष्कळदा ते तसंच असतं.

एकदा कोपरगावचे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक रिपोर्ट न्यायला स्वतः आले. म्हणाले, “माझंच मूत्रपिंड आहे, मला एकदा बघू तरी द्या.” मी स्लाइड लावून दिली. फार वेळ बघत बसले. त्यांच्या बहुतेक गाळण्यांच्या कडेला पेशींचा थर साचून चंद्रकोर झाली होती. आम्ही त्याला कोरच म्हणतो. आमच्या विषयात याहून वाईट आकार नाही. ते डोळा न काढता म्हणाले, “अहो, काय सुंदर रेषा आहे. मला आयुष्यात एवढी सफाईदार कोर जमली नाही.” मी म्हणाले, “हो.” ते खूश होऊन गेले. लवकरच त्यांचं डायलिसिस सुरू झालं. त्या दिवशी त्यांना काय सांगायला हवं होतं, ते मला अजून नेमकं माहीत नाही. ‘हो’ हे नव्हतं, एवढं कळतं.

आता पुन्हा त्या मुलीकडे. तिला मी प्रतीक्षा म्हणते. हे तिचं खरं नाव नाही, आणि गावही सांगत नाही.

तिच्या तुकड्यात पेशी वाढलेल्या नव्हत्या, कोर नव्हती, काही फुटलेलं नव्हतं. फक्त गाळणीची भिंत जाड झाली होती, आणि अंधाऱ्या खोलीत त्या भिंतीवर हिरवे कण दिसत होते, पण काही भागात आणि बाकीच्या भागात नाही. या आजाराला मेम्ब्रेनस म्हणतात. दिसायला शांत असतो. बहुतेकदा तो शरीर आपलं आपणच चुकल्याने होतो आणि त्याची एक ठरावीक खूण असते. तिच्यात ती खूण नव्हती. ल्युपसची रक्ततपासणीही कोरी आली. म्हणून मी उरलेला तुकडा दुसऱ्या एका खुणेसाठी पुण्याला पाठवला.

वाट बघणं मला नकोसं होतं. त्याआधी काही महिने अशाच एका बाईचा तुकडा आला होता. तशीच भिंत, तसेच तुटक कण. या आजारात लघवीवाटे रक्तातली काही प्रथिनं निघून जातात आणि रक्त घट्ट होऊ लागतं. तिच्या पायात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली. दुसऱ्या खुणेचं उत्तर यायच्या आत ती बाई गेली. मी रिपोर्ट पूर्ण केला. तो न्यायला कुणी आलं नाही. कशाने झालं असेल, हे विचारायलाही मागे कुणी उरलं नव्हतं, निदान आमच्या खिडकीपर्यंत येणारं.

पुण्याचं उत्तर आलं त्या सकाळी प्रतीक्षाचा डावा पाय मांडीपर्यंत सुजून लाल झाला होता. गुठळी. तिला वरच्या मजल्यावर ॲडमिट केलं होतं.

खूण सापडली होती. तिला नेल-वन म्हणतात. ही खूण दिसली की दोन गोष्टी शोधायच्या. एक, शरीरात कुठे कॅन्सर आहे का. दोन, पोटात किंवा अंगावर कुठून पारा जातोय का. पारा असतो काही भस्मांत, आणि लेबल नसलेल्या, झटपट गोरं करणाऱ्या क्रीममध्ये. पारा कातडीचा रंग बनूच देत नाही. रंग खरोखर उजळतो. फसवणूक काहीच नसते, म्हणून तर ती क्रीम खपते.

मी पुण्याचा रिपोर्ट वाचत असताना मला बाकावरची बाई ऐकू आली. सुजली आसली तरी उजाळलीय. आणि कानाच्या पाळीपाशी संपलेला गोरेपणा दिसला.

मी सरांना फोन केला. फोन मला आवडत नाही.

“बोल. मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.”

“सर, नेल-वन पॉझिटिव्ह आहे. पारा असू शकतो.”

“मी स्वतः विचारलंय, दोनदा. औषध नाही, काढा नाही, भस्म नाही. आई देवाची शपथ घेते. मग राहिला कॅन्सर. स्कॅन लावतो आज.”

“सर, क्रीम विचारलीत?”

“नाही. मी औषध विचारलं,” सर म्हणाले. “आणि मी विचारून ती मुलगी सांगणारही नाही. तू वर ये आणि तू विचार. कारण मिळालं नाही तर मला उद्यापासून स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनचा कोर्स सुरू करावा लागेल. त्या इंजेक्शनने पुढे मूल होण्याची पंचाईत होऊ शकते. आणि क्रीमच असेल, आणि ती लावणं बंद झालं नाही, तर सगळं देऊनही उपयोग नाही.”

“मी, सर?”

“मग कोण? संगीता?”

मी जिना चढून गेले. लिफ्ट होती, पण जिन्याला वेळ लागतो.

प्रतीक्षा उशीला टेकून बसली होती, पाय उंचावर. आई खालच्या सतरंजीवर. बांगड्यांची बाई स्टुलावर बसून सफरचंद कापत होती. ती प्रतीक्षाची मावशी. शनिशिंगणापूरला तिचं बांगड्या आणि लेडीज सामानाचं दुकान आहे, भाविकांच्या वाटेवरच. मला पाहून ती उठली.

“या मॅडम. सुईच्या टायमाला तुमीच हुत्या ना? बसा.”

मी बसले नाही. म्हणाले, मला थोडं विचारायचंय.

“विचारा की. काय बी विचारा. आमच्या गावात घराला दारं न्हाईत, आमी काय लपवनार?”

“चेहऱ्याला काही लावते का ही?”

“हळद. डाळीचं पीठ. साय,” मावशी म्हणाली. आईने सतरंजीची दशी ओढायला सुरुवात केली.

“विकतची क्रीम?”

“क्रीम का? ती काय, समदं जगच लावतंय.” मावशीने सफरचंदाची फोड प्रतीक्षासमोर धरली. तिने घेतली नाही. “डॉक्टरसायबांनी औषध इचारलं. आमी न्हाई म्हनलो. क्रीम का औषध हाय? खोटं कुठं बोललो आमी?”

मी सांगायचा प्रयत्न केला. पारा, गाळण्या, गुठळी. माझी वाक्यं रिपोर्टासारखी येत होती. ‘असू शकतं’ हा शब्द मी बहुतेक प्रत्येक वाक्यात घातला, आणि मावशीने तो बरोब्बर उचलला.

“असू शकतं म्हंजे तुमाला बी नक्की म्हाईत न्हाई. माझ्या दुकानातनं लई पोरी नेत्यात, मॅडम. एकीचं बी नख दुखलं न्हाई. ही तर बहिनीची लेक, हिला का मी वाईट देईन?”

हे ती मनापासून म्हणत होती. तिच्या हातात सुरी तशीच राहिली होती. मला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

“तुळशीच्या लग्नानंतर हिचं लगीन हाय,” आई पहिल्यांदाच बोलली. “पोरगा कारखान्यात हाय. पहिल्या दोन ठिकानी रंगावरून नकार आल्ता.”

“आन ही पसंती ह्या रंगावर झालीय,” मावशी म्हणाली. “तवर लावू द्या. इथं बी रातच्याला थोडी लावतीय, थोडीच. लगीन लागलं की टाकून देईल, मी शब्द देते. आता मधीच काळी पडली तर त्या लोकांना काय तोंड दाखवू?”

म्हणजे दवाखान्यात, गुठळी झालेल्या पायाने, ती अजून लावत होती.

ते लग्न पुढे झालंच नाही. स्कॅन लावलाय एवढी बातमी मुलाच्या घरी पोचली, तिथे त्या बातमीचा कॅन्सर झाला, आणि चार दिवसांत निरोप आला. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. लघवीत पारा निघाला, भरपूर. मूत्रपिंडं किती भरून येतील ते आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. या आजारात महिने जातात, कधी वर्षं. मावशीच्या दुकानात ती डबी आता काउंटरवर नसते. मागितली की आतून मिळते, असं ऐकते. त्या वाटेवर अशी दुकानं पुष्कळ आहेत. मी संबंधित खात्याला कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं, आणि मी खोलीच्या मधोमध उभी होते.

“लग्नापर्यंत थांबता येणार नाही,” मी म्हणाले. फार हळू म्हणाले असणार, कारण मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट नजरेने नाही. दुकानात गिऱ्हाइकाला कुठली छटा शोभेल हे बघताना बघत असेल, तसं.

“राग नका मानू मॅडम. तुमचं येगळं हाय. तुमी डॉक्टर झाल्या, तुमच्या रंगाकडं कोन बघतंय? हिला कोन डॉक्टरकी देतंय?”

“मावशे,” प्रतीक्षा म्हणाली, “गप.”

मी सावळी नाही. मी काळी आहे. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘फीचर्स शार्प आहेत’ असं म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला कायम मागच्या रांगेत उभं करत, उंचीचं कारण सांगून, आणि मी वर्गात बुटकी होते. माझ्यासाठी स्थळं येतात, चहा होतो, माझ्या डिग्र्यांचं कौतुक होतं, आणि मग पत्रिका जमत नाही असा फोन येतो. मीही कारण कधी विचारलं नाही. अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांची कारणं शोधणं त्यापेक्षा सोपं आहे. हे मी कुणाशी बोललेले नाही, आईशीही नाही.

प्रतीक्षाने उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि एक छोटी पांढरी डबी काढली. वर कुठल्यातरी परक्या लिपीत दोन ओळी होत्या, आणि एका गोऱ्या बाईचा पुसट फोटो. डबी तिने मुठीत घट्ट धरली. सुजलेल्या पापण्यांतून ती माझ्याकडे बघत होती. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. त्या खोलीत माझ्याकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं.

“मॅडम, खरं सांगा. बंद केली तर रंग ऱ्हाईल का?”

“नाही राहणार.”

“किती काळी व्हईन मी?”

मावशी म्हणाली, “आगं, कायतरीच काय इचारतीस त्यास्नी.” आईने दशी ओढायचं थांबवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा पीप पीप आवाज येत राहिला. माझ्याकडे नेहमीची वाक्यं तयार होती. माणसामाणसावर अवलंबून असतं. नक्की सांगता येत नाही. पडताळून पाहावं लागेल.

मी पलंगाजवळ गेले आणि हात पुढे केला.

“माझ्याएवढी,” मी म्हणाले. सतरंजीवरच्या आईलाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “माझ्याएवढी काळी होशील. दे ती डबी.”